गोठ्यात बसून ऐकलेला ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’

रॉबर्ट प्लँट या इंग्रज रॉक गायकाचा ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’ हा पहिला एकल अल्बम जून १९८२ मध्ये निघाला. मी तो पहिल्यांदा ऐकला तो त्यानंतर सात-आठ वर्षांनी, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी, संपत आलेल्या सेलवर. त्या काळी संध्याकाळी लाइन जाणे ठरलेलेच असे, त्यामुळे टेपरेकॉर्डर चालायचा तो चार मोठ्या सेलवर, आणि नवे सेल घरात महिन्यातून एकदाच येत. ते उतरले की मी दुपारी टिनाच्या छपरावर उन्हात ओळीने मांडून ठेवत असे. तापलेले सेल संध्याकाळी पुन्हा अर्धा-पाऊण तास काम देत. कॅसेटची पहिली बाजू बरी वाजे. दुसरी बाजू सुरू झाली की मात्र फीत हळूहळू मंदावे, स्वर खाली बसू लागे, आणि त्या बाजूवरचे तिसरे गाणे, ‘लाइक आयव्ह नेव्हर बीन गॉन’, येईपर्यंत प्लँटचा आवाज एखाद्या थकलेल्या वृद्धाचा वाटू लागे.

अल्बम निघाला तेव्हा प्लँट ३३ वर्षांचा होता. पण माझ्या मनात तो थकलेला गायक म्हणूनच बसला, आणि हा अल्बम म्हणजे मोठ्या प्रवासानंतर दमलेल्या माणसाचे गाणे आहे, असे मत मी पुढे कित्येक वर्षे भेटेल त्याला सांगत राहिलो. कॅसेटची जागा सीडीने घेतली, सीडीची मोबाइलने, आणि एके दिवशी वावरातून परतताना तेच गाणे मी त्याच्या खऱ्या वेगात ऐकले. स्वर चांगलाच वर होता. त्यात थकवा कुठेच नव्हता. होते ते मुद्दाम राखलेले संथपण. प्लँटच्या गळ्याबद्दल म्हणून जे मी इतकी वर्षे सांगत होतो, ते खरे तर उतरलेल्या सेलबद्दलचे मत होते.

ही चूक मनाला फार लागली. दुसऱ्याच्या कामाबद्दल आपण किती सहज निकाल देतो आणि तो निकाल कशावर उभा आहे हे तपासतही नाही, याचा त्रास झाला. म्हणून या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी हा अल्बम घरच्या आणि शेजारच्या काही माणसांना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला आणि प्रत्येकाला काय वाटले ते त्या रात्रीच वहीत उतरवून ठेवले. पुढे लिहितो आहे ते त्या वहीतले आहे, आणि त्या निमित्ताने माझे स्वतःचे मतही आहे.

अल्बमची पार्श्वभूमी मी ऐकणाऱ्यांना आधी सांगितली नव्हती, पण वाचकांना सांगणे आवश्यक आहे. प्लँट हा लेड झेपलिन या बँडचा गायक. १९६८ मध्ये उभ्या राहिलेल्या या बँडमध्ये जिमी पेज गिटार वाजवीत असे, जॉन पॉल जोन्स बेस आणि कीबोर्ड, आणि जॉन बॉनहॅम ड्रम. प्लँट आणि बॉनहॅम दोघेही इंग्लंडच्या मध्य भागातले, एकाच वर्षी, १९४८ साली जन्मलेले, आणि झेपलिनच्या आधीही ‘बँड ऑफ जॉय’ नावाच्या बँडमध्ये एकत्र वाजवलेले मित्र होते. १९७७ मध्ये प्लँटचा पाच वर्षांचा मुलगा गेला. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनहॅम गेला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी. त्याच वर्षी ४ डिसेंबरला उरलेल्या तिघांनी, आता पूर्वीसारखे पुढे जाता येणार नाही, अशा आशयाचे निवेदन काढून बँड थांबवला. पुढल्या वर्षी प्लँट ‘हनीड्रिपर्स’ या नावाखाली लहान लहान सभागृहांत जुनी रिदम अँड ब्लूज गाणी गात फिरला. त्या फिरतीत त्याच्यासोबत रॉबी ब्लंट हा गिटारवादक होता, आणि या अल्बममधली बहुतेक गाणी या दोघांच्या बैठकीतून तयार झाली आहेत.

ध्वनिमुद्रण झाले ते वेल्समधल्या मनमथ या गावाजवळ, रॉकफील्ड नावाच्या स्टुडिओत. रॉकफील्ड म्हणजे मुळात एक शेत आहे. वॉर्ड आडनावाच्या दोन भावांनी १९६०च्या दशकात आपल्या कुटुंबाच्या दूधदुभत्याच्या शेतावरील इमारतींमध्ये हा स्टुडिओ उभारला, आणि कलावंतांनी तिथेच राहावे, जेवावे, वाजवावे अशी सोय केली. हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण आम्ही ज्या खोलीत हा अल्बम ऐकला तीदेखील आमचा जुना गोठाच आहे. बैलजोडी विकली त्याला सहा वर्षे झाली. नंतर दावण काढली, भिंतींना चुना दिला, खाली शहाबादी फरशी बसवली. पण कोपऱ्यातला लाकडी खुंटा मी उपटू दिला नाही आणि दर पोळ्याला त्याला हळदीकुंकू लागते. या वर्षीही लागले होते. त्या खुंट्याशेजारी स्पीकर ठेवला आणि मंडळी सतरंजीवर बसली. मुले लाकडी बैल घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागायला बाहेर पडली होती, त्यामुळे घरात शांतता होती.

ऐकायला होते ते असे: माझे मावसभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो आणि ज्यांनी नागपुरात इंजिनीअरिंगला असताना सीताबर्डीवरून ही कॅसेट आणली होती, गावच्या भजन मंडळात चाळीस वर्षे खंजिरी वाजवणारे मामा, लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारे शेजारचे काका, पुण्याला शिकणारी माझी पुतणी, आणि आई. या पाच जणांत झेपलिन ऐकलेले एकटे दादा.

पहिले गाणे ‘बर्निंग डाउन वन साइड’. गिटारीची अडखळत पुढे सरकणारी ओळ, तिच्या अंगाअंगाने जाणारा ड्रम, आणि वरून प्लँटचा मोकळा, लांब फेकलेला आवाज. आई दोन मिनिटे ऐकून म्हणाली, “हा तं धुऱ्यावरून हाक मारल्यासारखा गाते. पन हाक कोनाले मारून राह्यला, थे समजत नाही.” दादांना हे वाक्य फार पटले, कारण त्यांचा जुना आक्षेप नेमका हाच आहे. त्यांच्या मते झेपलिनमध्ये प्लँटच्या हाकेला पेजची गिटार उत्तर देत असे. दोघांची ती सवाल-जवाबासारखी चढाओढ हाच त्या संगीताचा प्राण होता, आणि या अल्बममध्ये हाक तशीच राहिली, उत्तर देणारा मात्र उरला नाही. ब्लंटची गिटार त्यांना फार सभ्य वाटते. पेजचा लेस पॉल गिटारीचा जाड, थरावर थर चढवलेला नाद ज्याच्या कानात मुरला आहे, त्याला ब्लंटच्या स्ट्रॅटोकॅस्टरचा स्वच्छ, सडसडीत स्वर उणा वाटणे स्वाभाविक आहे, हे मीही मानतो.

मामांचे लक्ष मात्र गिटारीकडे नव्हतेच. ते डोळे मिटून, उजव्या हाताची बोटे मांडीवर टेकवून बसले होते आणि गाणे संपल्यावर म्हणाले, “हा वाजवनारा गानाऱ्याचा दम मोजून राह्यला. तो कुठी श्वास घेते, हे याले ठाऊक हाय.” मी थक्क झालो. या गाण्यात ड्रम वाजवणारा आहे फिल कॉलिन्स, जो १९७५ नंतर जेनेसिस या बँडचा गायकही झाला आणि ज्याचा स्वतःचा पहिला एकल अल्बम १९८१ मध्येच गाजला होता. म्हणजे ड्रमच्या मागे बसलेला माणूस स्वतः गाणारा होता, आणि ते एका खंजिरीवाल्याने पहिल्याच गाण्यात ओळखले. मी हे सांगितले तेव्हा मामांना त्यात नवल वाटले नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतःच खंजिरी वाजवीत स्वतःच गात, आणि आमच्याकडच्या भजन मंडळांत आजही ज्याला भजन तोंडपाठ नाही त्याच्या हाती कुणी खंजिरी देत नाही. ताल आणि शब्द दोन माणसांकडे असले तरी ते एकाच छातीतून आल्यासारखे वाटले पाहिजेत, ही मामांची जुनी शिकवण आहे. कॉलिन्सची अल्बममधली सहाही गाणी त्यांनी याच मापाने ऐकली.

‘मूनलाइट इन समोसा’ हे दुसऱ्या गाण्याचे नाव ऐकून बोजारा घेऊन परतलेली मुले दारात उभी राहून हसू लागली. आर्वीच्या स्टँडवर तर्रीत बुडवलेला समोसा खाणाऱ्या मुलांना हसू येणारच. पण गाणे सुरू झाले आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली. हळुवार गिटार, तिच्या मागून दबक्या पावलांनी येणारा कीबोर्ड, आणि आधीच्या गाण्यात लांबवर हाक मारणारा प्लँट इथे जवळजवळ बोलल्यासारखा गातो. दादांनीही कबूल केले की ब्लंटने संपूर्ण अल्बममध्ये इथे सर्वांत समजून वाजवले आहे. मला या गाण्याचा मधला भाग, जिथे वाद्ये एकदम मोठी होतात, थोडा घाईचा वाटतो. आणखी दोन ओळी शांत राहिले असते तर बरे झाले असते.

तिसऱ्या ‘प्लेज पिन’ गाण्यात सॅक्सोफोन आला आणि बँडवाले काका सावरून बसले. तो वाजवणारा राफेल रेव्हनस्क्रॉफ्ट, ज्याची १९७८ मधल्या जेरी रॅफर्टीच्या ‘बेकर स्ट्रीट’ या गाण्यातली सॅक्सोफोनची ओळ जगभर माहीत झाली. काकांना यातले काही माहीत नव्हते. त्यांनी ऐकले ते फक्त स्वराचे काठ. “लगनात आमी वाजवतो तं सूर फुटला तरी चालते, नाचनाऱ्याले नाद पायजे,” ते म्हणाले, “यानं सूर मुद्दाम फाडला, पन जेवढा फाडाचा तेवढाच.” आणि मग बराच वेळ त्यांनी कोणाशी काही बोलणे केले नाही.

पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे ‘स्लो डान्सर’ जवळपास पावणेआठ मिनिटांचे आहे, आणि या एका गाण्यावरच आमचा तासभर गेला. झेपलिनच्या चाहत्यांमध्ये हे गाणे सर्वाधिक वादाचे, कारण त्याचा पूर्वेकडचा रंग, त्याची लांबी आणि त्याची भारदस्त चाल ऐकून झेपलिनचे १९७५ मधले ‘कश्मीर’ आठवल्यावाचून राहत नाही. दादांचे मत ठाम आहे: हे ‘कश्मीर’ची सावली आहे, आणि सावलीला वजन नसते. त्यांनी मोबाइलवर लगेच ‘कश्मीर’ लावून दाखवले. मामा पुन्हा बोटांवर मोजू लागले. ‘कश्मीर’मध्ये गिटारीची ओळ तीन मात्रांच्या हिशेबाने फिरते आणि बॉनहॅमचा ड्रम चार मात्रांच्या हिशेबाने सरळ चालतो, त्यामुळे बारा मात्रांनी एकदा दोघे समेवर भेटतात. हे मी पुस्तकात वाचून शिकलो होतो. मामांनी ते दोन आवर्तनांत बोटांच्या पेरांवर पकडले. मग ‘स्लो डान्सर’ पुन्हा लावायला सांगून म्हणाले, “ह्या गान्यात वाट सरळ हाय आन् चालनारा दमदार हाय. त्या गान्यात वाटच फिरते. दोन्ही येगळे हायत. एकाची सावली दुसरं कशी होईन?”

माझ्या मते या वादात मामांचे म्हणणे खरे आहे. पूर्वेकडच्या संगीताची ओढ प्लँटची स्वतःची होती, ती बँडसोबत संपण्याचे कारण नव्हते. ‘कश्मीर’चे शब्द त्याला दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातून गाडीने जाताना सुचले होते. इजिप्तच्या उम्म कुल्थुम या गायिकेवर त्याची भक्ती होती. १९७२ मध्ये तर तो आणि पेज मुंबईला येऊन इथल्या वादकांसोबत ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी नव्याने मुद्रित करून गेले होते. ती मुद्रणे अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडले. ज्या माणसाचा कान दहा वर्षे या दिशेला लागलेला होता, त्याने पहिल्या एकल अल्बममध्ये तिकडे जाऊ नये अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याची स्वतःची वस्तू त्याच्याकडून काढून घेणे आहे. ‘कश्मीर’ मोठे गाणे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘स्लो डान्सर’मध्ये प्लँट शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत स्वर ज्या धीराने वर नेतो, तो धीर १९७५ मध्ये त्याच्यापाशी नव्हता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याच गाण्याच्या वेळी घडलेली एक गोष्ट मी विसरू शकणार नाही. गाणे सुरू होऊन अर्धा मिनिटही झाला नसेल, तोच मामांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “हात बदलला.” आठ गाण्यांपैकी सहांत कॉलिन्स आहे, पण ‘स्लो डान्सर’ आणि ‘लाइक आयव्ह नेव्हर बीन गॉन’ या दोन गाण्यांत ड्रम वाजवला आहे कोझी पॉवेलने. कोझी पॉवेलचा हात जड, ठोका खोल. कॉलिन्सचा हात चपळ आणि मोजका. हे मी मामांना सांगितले नव्हते, आणि इतक्या वर्षांत कॅसेटवर ऐकताना ते माझ्या कधीही लक्षात आले नव्हते. दादा ज्यांना बॉनहॅमची प्रत्येक थाप पाठ आहे, त्यांच्याही नाही. दोघेही आम्ही त्या गाण्यात बॉनहॅम शोधत होतो, त्यामुळे जे समोर वाजत होते ते ऐकायचे राहून गेले.

नंतर चहा झाला, पुरणाच्या उरलेल्या पोळ्या झाल्या, आणि दुसरी बाजू लावली.

‘वर्स दॅन डेट्रॉइट’ हे ब्लूजच्या चालीचे, सरकत्या गिटारीचे आणि माउथ ऑर्गनचे गाणे दादांना सर्वांत आवडते, आणि मला ते सर्वांत कमी नवे वाटते. चांगले वाजवले आहे, पण प्लँट इथे माहीत असलेल्या घरी परत गेला आहे.

त्यानंतरचे ‘फॅट लिप’ मात्र पुतणीचे. तिने ते स्पीकरवर ऐकून झाल्यावर पुन्हा कानात इयरफोन घालून ऐकले. तिच्या पिढीला एका लयीत ठाम चालणारा, फारसा न हलणारा ताल ओळखीचा असतो, आणि त्या तालावर प्लँट जो आळसावल्यासारखा, ओळी ओढत गातो, ते तिला आजचे वाटले. त्याच वेळी जेझ वुड्रॉफच्या कीबोर्डचे काही स्वर तिला जुनाट वाटले आणि तिने ते भीड न बाळगता सांगितले. “काका, हा अल्बम अर्धा सत्तरच्या दशकात उभा आहे आणि अर्धा ऐंशीच्या,” ती म्हणाली, “आणि कुठे जायचं ते याचं अजून ठरलेलं नाही.” हे निरीक्षण मला फार अचूक वाटते. पुढल्याच वर्षी, १९८३ मध्ये, प्लँटने ‘द प्रिन्सिपल ऑफ मोमेंट्स’ काढला आणि त्यात तो ऐंशीच्या दशकाच्या बाजूने स्पष्टपणे पुढे गेला. ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’ हा त्या उंबऱ्यावरचा अल्बम आहे. मला स्वतःला तो उंबरा पुढच्या घरापेक्षा अधिक आवडतो, कारण इथे गायक अजून शोधतो आहे आणि ते शोधणे ऐकू येते.

मग आले ते गाणे, ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता. ‘लाइक आयव्ह नेव्हर बीन गॉन’ सुरू होते ते फार हळू. गिटार एक एक स्वर सोडून देते, मध्ये जागा ठेवते, आणि प्लँट त्या जागेत शिरत नाही, तिच्या कडेला थांबून गातो. पहिल्या दोन कडव्यांत तो आवाज कुठेही उंचावत नाही. ज्याने १९६९ च्या पहिल्या अल्बमपासून तारसप्तकातल्या किंकाळीने नाव मिळवले, त्या माणसाने साडेतीन-चार मिनिटे आपला सर्वांत मोठा गुण हातात धरून ठेवावा, आणि मगच, गाणे मागते म्हणून, तो सोडावा, यात मला या अल्बमचे खरे यश दिसते. मामा केवळ एवढेच बोलले: “मघाचाच हात हाय.” आणि आई, जी मधल्या काळात तुरीच्या शेंगा निवडत बसली होती असे मला वाटले होते, म्हणाली, “आता घरात येऊन बोलून राह्यला हा. मघा बाहेर होता.”

खरे तर तिच्या हातात शेंगा नव्हत्या, वातीचा कापूस होता. भाद्रपद लागत असताना तुरीला शेंगा कुठून येणार? पण मी इतका त्या गाण्यात होतो की समोरचे नीट पाहिलेही नाही.

दादांनी या गाण्यावरही आपला आक्षेप मागे घेतला नाही. त्यांचे म्हणणे असे की पेज असता तर गाण्याच्या शेवटी गिटारीने आभाळ फाडले असते, आणि इथे ती नुसती सोबत करते. मी त्यांना विचारले की आभाळ फाडायलाच हवे होते का? प्लँटने हा अल्बम स्वतः निर्मित केला होता. कोणती गिटार किती मोठी ठेवायची हे ठरवणारा तोच होता. मित्र गेल्यानंतर, मुलगा गेल्यानंतर, बारा वर्षांची सोबत तुटल्यानंतर ज्याला आपला स्वतःचा आवाज एकट्याने कसा वाटतो हे पाहायचे आहे, तो शेजारी चढाओढ करणारा वादक का बसवील? दादा म्हणाले, “तू म्हणतोस ते समजतं मला. पण मला तो एकटा नको आहे.” या उत्तरापुढे वाद घालण्यासारखे काही नव्हते. ते मत गाण्याबद्दलचे कमी आणि दादांच्या होस्टेलच्या चार वर्षांबद्दलचे अधिक आहे, पण म्हणून ते खोटे ठरत नाही. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, झेपलिनची उरलीसुरली मुद्रणे गोळा करून ‘कोडा’ हा अल्बम निघाला होता. जूनमध्ये प्लँटचा पहिला, नोव्हेंबरमध्ये बँडचा शेवटचा. दादांनी त्या काळी दोन्ही कॅसेट एकाच दिवशी घेतल्या होत्या आणि ‘कोडा’ झिजेपर्यंत वाजवली. ‘पिक्चर्स ॲट इलेव्हन’ त्यांनी दोनदा ऐकून मला देऊन टाकली.

शेवटचे ‘मिस्टरी टायटल’ पुन्हा झेपलिनच्या जुन्या दमदार चालीवर येते. इतक्या शांत गाण्यानंतर ते लावण्याची गरज होती का, याबद्दल माझे आणि पुतणीचे एकमत झाले, की नव्हती. मामांना मात्र कॉलिन्सचा हात परत आल्याचा आनंद झाला.

ब्रिटनमध्ये हा अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला होता, म्हणजे त्या काळी तो दुर्लक्षित राहिला असे म्हणता येणार नाही. पण विकल्या गेलेल्या प्रतींवरून तो कोणत्या कानांनी ऐकला गेला ते कळत नाही. १९८३ मध्ये प्लँट नव्या मंडळींसह दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याने झेपलिनची गाणी गायली नाहीत. लोकांची मागणी असताना ती न गाणे किती कठीण असेल, हे आमच्या भजन मंडळात फर्माइशी ऐकणाऱ्या मामांनी चटकन ओळखले. मला त्या नकारात आणि ‘लाइक आयव्ह नेव्हर बीन गॉन’च्या पहिल्या दोन कडव्यांत एकच धीर दिसतो. पुढे २००७ मध्ये ॲलिसन क्रॉस या अमेरिकन गायिकेसोबत ‘रेझिंग सँड’ हा अल्बम करताना तो जो जवळून, हलक्या गळ्याने गायला आणि ज्याला २००९ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले, त्या गायकीचा मूळ धागा मला इथेच सापडतो. त्या पुरस्काराची बातमी वाचून अनेकांना प्लँट बदलला असे वाटले. रॉकफील्डच्या त्या शेतावर पंचवीस वर्षांपूर्वी त्याने ते गाऊन ठेवले होते.

चार दिवसांनी बँडवाले काका सकाळीच आले, सॅक्सोफोनची काळी पेटी घेऊन. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल, त्याआधी ‘प्लेज पिन’मधली ती ओळ हाताला बसवायची आहे, असे म्हणाले. मी कौतुकाने जुनी कॅसेट काढली, टेपमध्ये नवे सेल घातले आणि लावली. काकांनी दोन-तीनदा स्वर जुळवून पाहिला, रीड ओली केली, तोंडाचा भाग आत-बाहेर सरकवला आणि मान हलवली. टेपचा सूर त्यांच्या वाद्याच्या थोडा खालीच राहत होता, नव्या सेलवरसुद्धा. मग मी तीच ओळ मोबाइलवर लावली. पहिल्याच स्वराला त्यांचा स्वर जाऊन मिळाला. ते गोठ्याच्या दारात उभे राहून ती ओळ पुन्हा पुन्हा वाजवीत राहिले, आणि दहाव्या की बाराव्या वेळी, जिथे तो सूर फाटतो तिथे, त्यांनी तो तेवढाच फाडला.